ठिकाण न सांगणारी बुधीबाय

जव्हारच्या मोटर कचेरीच्या खिडकीत बसून मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. बकरी मांडीवर घेऊन बसू द्या म्हणून हटून बसणारे पाहिले, मोटर सुटायच्या वेळी विसरलेल्या सासूला आणायला घरी पळणारे पाहिले, मोटर लागते म्हणून आत चढायच्या आधीच ओकून घेणारेही पाहिले. ह्या सगळ्यांना मी पुरून उरलो. बुधीबायपुढे मात्र मी हात टेकले. तिकीट हवं, पण जायचं कुठे ते सांगायचं नाही, असा उतारू मी उभ्या जन्मात तेवढा एकच पाहिला.

बाजाराच्या दिवशी दुपारी ती खिडकीशी यायची. करवंदं नाहीतर पळसाची पानं विकून रिकामी झालेली पाटी पायाशी ठेवायची, तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. मी विचारायचो, कुठे? ती म्हणायची, "जठं जातं तठं." मी म्हणायचो, अगं बाई, पण जातेस कुठे? ती म्हणायची, "तुला ठावं आहं."

मला ठाऊक होतंच. त्या मोटरच्या ड्रायव्हरला ठाऊक होतं, कंडक्टरला ठाऊक होतं, रांगेतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या ओव्हरसियरसाहेबांनी एक नियम करून ठेवला होता. एका व्यापाऱ्याला कोणीतरी चुकून भलत्याच ठिकाणी रानात उतरवलं आणि त्याने थेट दरबारात कागाळी केली, तेव्हापासून हा नियम. उतारूने ठिकाण स्वतःच्या तोंडाने सांगायचं, कारकुनाने ते मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच तिकीट फाडायचं. साहेब कधी खिडकीमागे येऊन कान देतील त्याचा नेम नसे. आता तोंडच उघडायचं नाही असं ठरवून आलेल्या बाईला मी काय करणार? शेवटी रांगेतला कोणीतरी वैतागून म्हणायचा, "लखमाचा चढ, भाऊसाहेब, लखमाचा चढ. द्या एकदाचं." मग ती मान डोलवायची, तिकीट पदराच्या टोकाला बांधायची आणि मलाच काहीतरी शिकवून गेल्यासारखी शांतपणे मोटरीकडे चालू लागायची. डोक्याला ताप नुसता.

लखमाचा चढ म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो. आजकाल तिथे उतरणाऱ्या निम्म्या लोकांना लखमा हा कोणी देव वाटतो आणि उरलेल्यांना काहीच वाटत नाही.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्ता एकदा खाली ओढ्यात उतरतो आणि पलीकडे छातीवर येणारा चढ चढतो. मोटर नव्हती तेव्हा सगळा माल बैलगाडीने यायचा. भरलेली गाडी त्या चढापाशी आली की बैल जागच्या जागी थांबायचे. गाडीवानाने कितीही शेपट्या पिरगाळल्या तरी उपयोग नसे. चढाच्या माथ्यावर एका माणसाचं झोपडं होतं, नाचणीचं थोडं वावर होतं आणि खिल्लारी नाही पण दांडगी अशी बैलजोडी होती. त्याचं नाव लखमा. गाडीवान खालून तोंडाभोवती हात धरून हाक मारायचे, "लखमाऽऽ". ती हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत यायची. मग लखमा आपली जोडी घेऊन खाली उतरायचा, ती गाडीच्या पुढे जुंपायचा आणि चार बैल मिळून गाडी वर न्यायचे. वर आल्यावर गाडीवान पाणी प्यायचे, तंबाखू मळायचे, लखमाच्या हातावर काहीबाही ठेवायचे. पावसाळा सोडला तर दिवसभर ही हाक चालू असे. आधी त्या चढाला नावच नव्हतं. हाका ऐकून ऐकून लोकांनी ते ठेवलं. पुढे माथ्यावर आणखी झोपड्या झाल्या, पाडा झाला, आणि पाड्याचंही तेच नाव पडलं.

बुधीबाय ही लखमाची बायको. म्हणजे आता उलगडा झाला असेल. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत आपल्याकडे कोणाला नवी नाही. माझी आईही वडिलांचं नाव घेत नसे. पण माझ्या वडिलांच्या नावाचं गाव कुठे नव्हतं, आणि असतंच तरी माझ्या आईने कधीतरी अडलं नडलं म्हणून ते उच्चारलं असतं. बुधीबायच्या लेखी अडलं नडलं असा प्रकारच नव्हता. ती नवऱ्याला "काशीचा बापूस" म्हणायची. काशी ही तिची मुलगी, दाभोशाला दिलेली. चढाला ती नुसतं "तठं" म्हणायची. पाड्यात त्याच नावाचा दुसऱ्या कोणाचा पोर होता, त्याला ती "ए त्या नावाच्या" अशी हाक मारायची. तो बिचारा ओ द्यायचा.

बरं, नवरा घरी असता तर तिचं ते तिने पाहिलं असतं. तो घरी नव्हता. समुद्रापार बसऱ्याला लढाई चालली होती तेव्हा तिथे हमालीसाठी माणसं पाहिजेत म्हणून एक मुकादम संस्थानात फिरत होता. त्याने वावर, जामसर, दाभोसा अशा गावांतली बरीच माणसं गोळा केली. भरपेट खायला मिळेल, परत येताना नवी बैलजोडी आणाल असं काय काय सांगितलं. लखमाची जोडी त्या साली रोगाने गेली होती. बैलांवाचून तो चढावर बसून काय करणार होता? तो गेला. लढाई संपली, माणसं परत आली. काही नाही आली. परत आलेल्यांनी सांगितलं की जहाजातून उतरल्यावर सगळ्यांच्या तुकड्या पाडल्या आणि लखमाची तुकडी वेगळीकडे गेली. त्यापुढे कोणालाच काही माहीत नव्हतं. वर्षं गेली तशी जव्हारात ज्याने त्याने मनाशी काय ते समजून घेतलं. बुधीबायला कोणी बोललं नाही.

मोटर सुरू झाली आणि ही बाई माझ्या डोक्यावर मिरी वाटायला आली ती तेव्हापासून. चढ चढून माथ्यावर आली की मोटर उकळायची. बॉनेट उघडायचं, ओढ्याचं पाणी आणून ओतायचं, वाफ जाईपर्यंत थांबायचं. सक्तीने थांबायचंच, तर तिथे थांबा करावा असं ठरलं, आणि थांबा म्हटला की पाटी आली, पाटी म्हटली की नाव आलं. नावं ठरवून रंगाऱ्याकडून पाट्या करून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. बाकीच्या पाट्या झाल्या. ह्या थांब्याजवळ दरबारचं एक विश्रामगृह व्हायचं घाटत होतं, म्हणून ओव्हरसियरसाहेबांनी नाव काढलं विश्रामनाका. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यात काहीच वाटलं नाही. रंगारी मोकळा होता, रंग सुकत चालला होता, मला पाटी हवी होती.

ही बातमी पाड्यावर कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायला गेलो तर पायरीवर बुधीबाय. मी तिला ओळखतही नव्हतो. तिने विचारलं, पाटीवर नाव लिवणारा तूच का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, नाव बदलू नको. मी म्हटलं कुठलं नाव? ती म्हणाली, "आहं तेच ठेव." काय आहे, असं विचारलं तर पुन्हा तेच. आहं तेच. मी आत जाऊन कामाला लागलो. दुपारी जेवायला निघालो तर ती पायरीवरच. संध्याकाळी कुलूप लावलं तेव्हाही तिथेच. मी तिच्या अंगावरून उडी मारून घरी गेलो.

असं बरेच दिवस चाललं. तिचा आवाज कधी चढला नाही, हे सर्वांत वाईट. भांडली असती तर शिपायाकरवी हाकलता आली असती. नुसती बसलेल्या माणसाला काय म्हणून हाकलायचं? येणारे जाणारे मला विचारू लागले, ह्या बाईचं काय अडवून ठेवलंय तुम्ही. शेवटी मी ओव्हरसियरसाहेबांना गळ घातली की तुम्हीच एकदा तिचं ऐकून घ्या आणि मला सोडवा.

साहेब नाशकाकडून आलेले, हुशार, नियमाला पक्के, आणि पोटदुखीने कायम चिडलेले. त्यांनी तिला आत बोलावलं. कसलीही भीडभाड न ठेवता ती टेबलासमोर खाली बसली. साहेबांनी विचारलं, तुला कुठलं नाव पाहिजे? ती गप्प. साहेब म्हणाले, नाव सांग, मी आत्ता हुकूम करतो, माझं काही जात नाही. ती गप्प. मी हळूच म्हटलं, बुधीबाय, लग्नात घेतलं असशील ना नाव, तसं एकदा घे आणि मोकळी हो. ती माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की मीच खाली बघितलं. मग साहेबांचा तोल गेला. नवरा इतकी वर्षं आला नाही, तो मेला असणार हे कळत नाही का तुला, असं ते बोलून गेले.

"तू पाहिलास?" तिने विचारलं.

साहेबांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"मग नाव घेवालं सांगू नको. नाव घेतलं का आयुष्य घटतं. तठं परमुलखात त्याचं आधीच काय कमी घटलं असल का? मी अठं बसून आणखी घटवू?"

एवढं बोलून ती उठली आणि गेली. साहेबांनी पोटावर हात फिरवला आणि मला म्हणाले, पाटीचं तूर्त राहू द्या. मला बरं वाटलं, कारण मला वाटलं की ती आता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, आणि बरोबर काळू गाडीवानाला घेऊन आली. काळू म्हातारा झाला होता, मोटर आल्यापासून त्याची गाडी अंगणात मोडून पडली होती, आणि ऐकणारा मिळाल्याच्या आनंदात त्याने चढाची, हाकांची, लखमाच्या बैलांची सगळी हकिगत साहेबांना सांगितली. साहेबांना वर्णन करून झालेली बैलजोडी पुन्हा एकदा वर्णन करून ऐकावी लागली. दर चार वाक्यांनी काळू ते नाव घ्यायचा आणि त्याच्या मागे उभी असलेली बुधीबाय मान डोलवायची. शेवटी साहेबच म्हणाले, बरं बरं, लिहा लखमाचा चढ, आणि ह्या दोघांना आधी बाहेर काढा.

पाटी लागली. मी सुटलो असं समजून घरी सत्यनारायण घालायच्या बेतात होतो. आठवडाही गेला नसेल, बाई पुन्हा पायरीवर.

मी म्हटलं, आता काय? पाटी लागली ना तुझी?

"पाटीला मी काय करू? मना काय वाचता येतं?" ती म्हणाली. "तो तुजा कंडक्टर वरडत नाय."

कंडक्टर सदू हा मोठा गळ्याचा माणूस. तमाशात शोभावा असा आवाज. पण मध्यंतरी दरबारचे एक बडे अधिकारी मोटरीतून जाताना डुलकी काढत होते आणि सदूच्या ओरडण्याने त्यांची झोप मोडली. लगेच नवा नियम आला की ज्या थांब्याचं तिकीट असेल त्याच थांब्याचं नाव पुकारावं, उगाच गावभर बोंब मारू नये. लखमाच्या चढावर उतरणारा माणूस क्वचित. मोटर उकळली म्हणून थांबायची, सदू मुकाट्याने पाणी भरून आणायचा, मुकाट्याने घंटी मारायचा. हे मी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर ती बाजारच्या दिवशी खिडकीशी यायला लागली. सुरुवातीला सांगितलं ते हे. पहाटे चालत जव्हारला यायचं, पाटी विकायची आणि परत मोटरने जायचं. जन्मभर डोक्यावर ओझं घेऊन डोंगर तुडवलेली बाई, परत जाताना डोक्यावर काही नाही, आणि हिला मोटर पाहिजे. मला तिचा राग यायचा. विकलेल्या करवंदांचे पैसे तिकिटात घालवायचे, वर ठिकाण सांगायचं नाही, वर रांग खोळंबवायची. मी एकदा सदूजवळ चरफडलो की ह्या डोंगरातल्या लोकांनाही आता मोटरीचा शौक लागला.

सदू हसला. म्हणाला, भाऊसाहेब, तुम्ही खिडकीत बसता, तुम्हाला दिसत नाही. ती मोटरीत बसते ती पुढे वाकून, बाहेर कान देऊन. चढ आला की माझ्याकडे बघते. मी ओरडलो की समोरच्या डोंगराकडे बघत राहते. तिथून हाक परत येते ना, ती ऐकते. मग उतरते. एकदा घसा बसला होता म्हणून हळू म्हटलं तर उतरेचना. मोटर अडवून बसली. पुन्हा ओरडलो तेव्हा उतरली.

मी पुढच्या बाजारी तिला खिडकीतच विचारलं, हा काय प्रकार आहे? रांग मागे उभी होती, तरी विचारलं. तिने पाटी पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, "आधी गाडीवाले हाका मारायचे. दिसभर. मना वाटायचं, मी मारली नाय तरी कोणतरी मारतं. मग मोटर झाली, गाडीवाले गेले. आता त्याला हाक मारणारा कोण रेला? मना तर मारता येत नाय." आणि पदरातलं नाणं खिडकीत ठेवून पुन्हा नेहमीसारखी गप्प उभी राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, लखमाचा चढ. मी तिकीट दिलं.

त्या संध्याकाळी मी सदूला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तिकीट असो नसो, जाताना आणि येताना, त्या चढावर ओरडायचं. साहेबांचं मी बघून घेतो. सदूने विचारलं, आणि कोणा अधिकाऱ्याची झोप मोडली तर? मी म्हटलं, मोडू दे. मला त्या बाईचाही राग आला होता, साहेबांचाही आला होता, आणि त्या बसऱ्याला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा तर सर्वांत जास्त. एका बाईला नवऱ्याला नुसती हाक मारून घ्यायला सरकारी मोटर लागावी, हा काय न्याय झाला?

सदू तेव्हापासून जाता येता गळा काढून ओरडू लागला. मला वाटलं, आता तरी बाई पायी जाईल, तिकिटाचे पैसे वाचवील. छे. तिने मोटर सोडली नाही. फुकट वरडतो त्याचा काय भरवसा, असं तिचं म्हणणं पडलं. तिकीट घेतलं की कायदा आहं. पुन्हा तीच रांग, तेच जठं जातं तठं, तीच माझी कटकट. वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, माझे गेले. ओव्हरसियरसाहेब पोटदुखीसकट बदलून गेले, पण त्यांचे नियम राहिले.

मग एका उन्हाळ्यात, लग्नसराईच्या दिवसांत, मोखाड्याकडून आलेल्या मोटरीतून एक उंच, वाळलेला माणूस उतरला आणि सगळे गेल्यावर खिडकीशी येऊन उभा राहिला. अंगात शहरी कोट, पायांत वहाणा, पण बोलणं इकडचं. तो जामसरचा महादू. लढाईनंतर तो घरी आलाच नव्हता. मुंबईला गोदीत राहिला, तिथून नाशकाला गेला, तिकडेच रमला. आता भावाच्या पोरीच्या लग्नाला म्हणून इतक्या वर्षांनी पहिल्यांदा निघाला होता. हे सगळं नंतर कळलं. आधी त्याने एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, तठं चढावर तुमचा माणूस कोणाला हाक मारत होता?"

मी म्हटलं, कोणाला नाही, ते थांब्याचं नाव आहे.

तो म्हणाला, मी झोपलो होतो. एकदम कोणीतरी लखमाला हाक मारली असं वाटून दचकून उठलो. कोणता लखमा हा?

मी सांगितलं. बैलजोडी, चढ, बसरा. मी सांगत गेलो तसा तो खिडकीखाली कट्ट्यावर बसत गेला. माझं बोलणं संपल्यावर त्याने वहाणा काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला की लखमा आणि तो एकाच तुकडीत होते, एकाच तंबूत. पहिल्याच उन्हाळ्यात लखमा तापाने गेला. मी त्याला मातीत घातला, तो म्हणाला. सांगायला कठलं तोंड घेऊन यावं म्हणून मी आलोच नाय. आणि लागलीच मला विचारलं, "आता मी काय करू?"

मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू. इतकी वर्षं ह्या माणसाच्या पोटात ही गोष्ट होती आणि हा नाशकाला सुखाने जेवत होता. त्याला चार शब्द सुनवावेत असं तोंडावर आलं होतं. पण तो लहान मुलासारखा रडत होता, आणि लोक बघायला लागले होते. शिवाय मनात दुसरंच काही घोळत होतं. ती हाक त्या बाईने भांडून, पायरीवर बसून, स्वतः तिकीट काढून चालू ठेवली होती. ती कोणालातरी ऐकू गेली होती. आणि ऐकून आला तो हा. मी महादूला म्हटलं, तिला जाऊन सांग. लग्न नंतर. दुपारच्या मोटरीने तो परत चढावर गेला. मी त्याला तिकीट दिलं आणि नियमाप्रमाणे ठिकाण मोठ्याने म्हणायचं विसरलो.

पुढच्या बाजारी बुधीबाय आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सदू म्हणाला, चढावर दिसतही नाही. मला काही सुचत नाही, भाऊसाहेब, त्याने विचारलं, ओरडू का नको? मी त्याच्यावर खेकसलो की ठिकाणाचं नाव आहे ते, ओरड. पण मलाही काही सुचत नव्हतं. महादूने तिला सांगितलं की वाटेतूनच पळ काढला, ते कळायला मार्ग नव्हता. त्या माणसाचा मला भरवसा नव्हता. तिला काही कळलंच नसेल आणि ती नुसती आजारी असेल, असंही होतं. मग सांगायचं माझ्यावर येणार. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायचो आणि तिथेच मोडायचो. बुधीबाय खिडकीशी येऊ नये असं आजवर शंभरदा वाटलं होतं. आता ती आली तर मी काय करणार, ह्या विचाराने घास गोड लागत नव्हता.

आणि एका बाजारच्या दुपारी ती आली. तीच पाटी, तीच तंबाखूची गोळी. रांग लांब होती. तिचा नंबर येईपर्यंत मी खाली मान घालून बसलो होतो. मी मनाशी ठरवलं होतं की आज काही विचारायचं नाही, गुपचूप तिकीट द्यायचं. तिकीट आधीच हातात धरून ठेवलं होतं. पायाशी पाटी ठेवल्याचा आवाज आला.

"लखमाच्या चढाला दे," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण मागच्या सगळ्यांना ऐकू गेला. रांगेत तिच्या मागे पाड्यातलीच एक बाई होती, तिने पदर तोंडाला लावला. मी वर पाहिलं नाही. तिकीट पुढे सरकवलं. तिने ते उचललं नाही.

"तू म्हटलास नाय," ती म्हणाली. "तुजा कायदा आहं ना? मोठ्यानं म्हणायचं असतं."

मी म्हटलं, राहू दे बुधीबाय. मला ठाऊक आहे.

"म्हण रे भाऊ. आता मी नाव घेतलं तरी त्याचं काय घटायचं आहं?"

मी मान वर केली आणि मोठ्याने म्हटलं, लखमाचा चढ. तिने मान डोलवली, तिकीट पदराच्या टोकाला बांधलं, पाटी उचलली आणि मोटरीकडे गेली.

त्यानंतरही ती बरीच वर्षं बाजाराला येत होती. पाय थकले होते, मोटरीची तिला आता खरंच गरज होती. प्रत्येक वेळी, मी विचारायच्या आधीच, ती स्वतःच्या तोंडाने स्पष्ट ठिकाण सांगायची. तिच्यामुळे माझी रांग पुन्हा कधी खोळंबली नाही.